मासळीला मिशा

माशांना कपडे नसतात, ही गोष्ट मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी एका शिकल्यासवरल्या माणसाला समजावून सांगावी लागली. तो खुर्चीवर बसला होता, मी उभा होतो, आणि मधल्या टेबलावर लॅपटॉपमध्ये माझा मासा थांबवून ठेवला होता. "हे जरा जास्तच उघडं वाटतं," तो म्हणाला. माझ्या माशाच्या अंगावर चारशेच्या वर खवले होते आणि एकेक मी हाताने कापून चिकटवला होता. इतकं झाकलेलं अंग मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, "पेंटर, धंद्यातल्या चार गमती लिहा, दिवाळीला लोकांना हसू द्या." गमती आहेत, आणि त्या येतील तशा सांगतो. पण मला राग आलेला आहे, तो दोन वर्षांत उतरलेला नाही, आणि तो लपवून गंमत लिहिणं मला जमत नाही.

मी विसरवाडीचा. चाळीस वर्षं महामार्गाच्या कडेला ट्रक रंगवले. ट्रकच्या मागे मोर, कमळ, डोळे, आईचा आशीर्वाद, नजर लावणाऱ्याचं तोंड काळं, सगळं काढलं. एका ड्रायव्हरने मला ट्रकच्या मागे स्वतःची सासू काढायला लावली होती. म्हणाला, "पेंटर, हाई मांगे दिसनी म्हणजे कोनी जवळ येत नही." पंधरा दिवसांनी तो परत आला आणि म्हणाला, पुसा, कारण सासू त्याच ट्रकमधून नवापूरला यायला निघाली होती. असली गिऱ्हाइकं खूप झाली.

पण माझा जीव ट्रकमध्ये नव्हता, सोंगात होता. आमच्या डोंगराकडच्या गावांत सोंगाड्या पार्ट्या असतात. बाहेरच्यांना सांगायचं तर हे आमचं नाटक. गाणं, नाच, टिंगल, मधेच देव, मधेच राक्षस, आणि बायकांची कामं पुरुषच करतात. त्यांचे पडदे, मुखवटे, वाघ, घोडे मी बनवायचो. कृती साधी आहे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांधायचा, त्यावर जुना कागद मैद्याच्या खळीत भिजवून थरावर थर द्यायचा. खळीत मोरचूद घालायचं, नाहीतर उंदीर अर्धा वाघ खाऊन जातात. वाळलं की खडूची भुकटी, मग पॉलिशपेपर, मग रंग. आणि डोळा सगळ्यात शेवटी. आमच्यात रीत अशी, की डोळा घातला म्हणजे सोंग पुरं झालं, त्यानंतर त्याच्या तोंडाला ब्रश लावायचा नाही. माझ्या गुरूने मला हे सांगताना कान धरला होता.

तीन वर्षांपूर्वी शलाका नावाची एक मुलगी माझ्या दुकानात आली. समुद्रकाठच्या गावची, सिनेमा शिकलेली. कुठल्याशा संस्थेच्या प्रकल्पावर ती काम करत होती. ती म्हणाली, "काका, मला पाण्यातल्या प्राण्यांच्या लग्नाचे छोटे छोटे सिनेमे करायचे आहेत. माणसं प्राण्यांची सोंगं घेऊन करतील, लोक हसतील, आणि हसता हसता त्यांना कळेल की मासळीचे अंडी घालायचे दिवस कधी असतात आणि तेव्हा जाळं का टाकायचं नाही."

मी विचारलं, "समुद्र तुमच्याकडे. मग इकडे डोंगरात कशाला आलीस?"

ती म्हणाली, "आमच्याकडची सुकट तुमच्याच बाजारात येते ना?"

मला हे उत्तर आवडलं. आणि तिने सोंगाड्या पार्टी पाहिली होती. शहरातले नट मासा व्हायला लाजतात, असं ती म्हणाली. आमच्याकडे लाज नावाचा प्रकार सोंग चढलं की खुंटीला टांगलेला असतो.

पहिला सिनेमा समुद्रातल्या घोड्याचा. बोटाएवढा मासा, तोंड घोड्याचं, शेपूट गुंडाळलेलं. त्याच्यात पिल्लं नराच्या पोटात वाढतात. मादी अंडी त्याच्या पोटाच्या पिशवीत टाकते आणि निघून जाते, बाळंतपण बापाचं. मी शलाकाला तीनदा विचारलं, चेष्टा तर नाही ना. तिने फोनवर खरा घोडा दाखवला, पोट आकडी आल्यासारखं हलत होतं आणि पिल्लं बाहेर उडत होती. मग मला विश्वास बसला.

नराचं सोंग गुलाबसिंगला दिलं. गुलाबसिंग म्हणजे आमच्या पार्टीतला बायकांची कामं करणारा. माणूस दांडगा, पोट सुटलेलं, आणि ओठावर झुपकेदार मिशी. ती तो कधीच काढत नाही. तशीच पदराआड झाकून तो राणी होतो, सासू होतो, नवरी होतो. पब्लिकला काही वाटत नाही. त्याने मान वेळावली की ती बाई, संपलं. घोड्याचं पोट बांधताना तो मला म्हणाला, "पेंटर, जनमभर बायकोनं सोंग कयं, आते बापनं करस, तरी पोट मन्हाच गयामा!"

खांडबाऱ्याच्या बाजारात, भर दुपारी, एका शेडमध्ये पडदा लावून तो सिनेमा दाखवला. गुलाबसिंगला कळा यायला लागल्या आणि बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. एक म्हातारी ओरडली, "आवो, आमना घरमा बी असा एक घोडा पाहिजे व्हता!"

तिथेच मला मरियमबाई भेटली. ओळखीची होती, पण बोलणं कधी झालं नव्हतं. उकाईच्या धरणाचं पाणी मागे जिथपर्यंत फुगतं, त्या काठावरच्या एका पाड्यावरची ती. घरी त्यांची बोली वेगळी, बाजारात आमची अहिराणी. रविवारी प्रार्थनेला, बाकीचे दिवस जाळ्यावर, आणि बाजाराच्या दिवशी ओली मासळी नि सुकट घेऊन बसायची. पाड्यावर तिच्या शब्दाला वजन होतं. पुरुष आधी बोलायचे, पण शेवटी ती काय म्हणते ते बघायचे.

सिनेमा संपल्यावर ती पदराच्या गाठीतून काहीतरी काढत आमच्याकडे आली. वाळलेला, करडा, बोटाएवढा घोडा होता. सुकटीच्या पोत्यात निघाला, म्हणाली. नातवंडांना खेळायला ठेवला होता.

"हाऊ तोच का?" तिने विचारलं.

शलाकाने तो तळहातावर घेतला. पोट बघून म्हणाली, "हा बाप आहे. पिशवी भरलेली होती."

मरियमबाई आपल्या जागेवर परत गेली. मग तिने आपल्या पोत्यात हात घातला, मूठभर सुकट वर काढली आणि निरखून बघायला लागली. सगळी बारीक पिल्लं. बोंबलाची, कोळंबीची, नावं न आलेली. "हाई बठी पोरंच शेतस," ती म्हणाली. पुढच्या बाजारापासून तिने ते बारीक सुकटीचं पोतं घेणं बंद केलं. कोणी सांगितलं नव्हतं. तिचं गिऱ्हाईक त्यामुळे शेजारणीकडे गेलं, ते तिने जाऊ दिलं.

आणि तिनेच आमच्या दुसऱ्या सिनेमाचा विषय काढला. त्यांच्या पाड्याशी एक नाला धरणाच्या पाण्याला मिळतो. नाल्याला पहिला लोंढा आला की रोहू खालून वर चढते, अंडी घालायला. आणि लोक नाल्याच्या तोंडावर जाळं लावून बसतात, कारण तेव्हा मासा आंधळा होऊन येतो. मेहनत शून्य, आणि अंड्यांची गाभोळी पोटभर. हे पिढ्यान्‌पिढ्यांचं चाललंय. पूर्वी मासा जास्त होता, जाळी कमी होती, चालून गेलं. आता नायलॉनची बारीक जाळी आली आणि चढणारी एकही मासळी वर पोचत नाही.

मरियमबाई म्हणाली, "त्या दिनस्मा नालाना तोंडवर जाळं नको. मी बठास्ले सांगसू. पन माले नुसतं सांगता येवाव नही, लोके भांडतीन. तुम्ही पिक्चर बनाडा. घोडानं दखाडं, तसं आमनी रोहूनं दखाडा."

लिहायला हे वाक्य सोपं आहे. पण त्या नाल्याच्या तोंडाची जागा पाड्यावरच्या आठ-दहा घरांची. तिथे जाळं न लावणं म्हणजे वर्षातली सगळ्यात सोपी मासळी हातची सोडणं. हे तिने स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. तिने घरोघर जाऊन कबूल करून घेतलं, की पिक्चर बघू आणि मग यंदा जाळं लावणार नाही. यात तिची पत पणाला लागली होती, आणि हे मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे झालं त्यात मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नको.

रोहूच्या मादीचं सोंग करायला मला महिना लागला. मी मरियमबाईच्या पाड्यावर जाऊन चार दिवस नुसता मासा बघितला. त्या लोकांनी मला शिकवलं. मादी मोठी, पोट खाली लोंबणारं. नर बारके, दोन-तीन असतात, तिच्या मागे मागे, अंगाला अंग घासत, पोटाला ढुशा देत. मग ती अंडी सोडते आणि नर त्यावर पांढरं पाणी सोडतात. मी तसंच केलं. मादी गुलाबसिंग. नर दोघे, बारीक चणीचे, त्यातला एक फत्तू, जो चालतानाही नाचतो. खवले मी पाण्याच्या बाटल्या कापून केले, मागून चंदेरी रंग दिला, उन्हात धरलं की खरी मासळी वळल्यासारखं चमकायचं. पोटात साबुदाण्याची पिशवी, दोरी ओढली की अंडी. डोळा घातला त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं आणि नुसता समोर बसून राहिलो. माझ्या हातून एवढं चांगलं काम आधी झालं नव्हतं, नंतरही नाही.

कच्चा सिनेमा आम्ही मरियमबाईला दाखवला. ती हसली नाही. पूर्ण बघून म्हणाली, "हाई खरं शे. मादी मोठी, नर मांगे पयतस. हाई दखाडा, मंग मी बोलसू."

आता त्या खुर्चीवरच्या माणसाकडे येतो. प्रकल्पाचे साहेब. नाव लिहीत नाही, तशी माणसं नावानिशी ओळखायची गरज नसते, प्रत्येक कचेरीत एक असतोच. शलाकाने मला बरोबर बोलावलं होतं, सोंगाबद्दल काही विचारलं तर सांगता यावं म्हणून.

"उघडं" वरून सुरुवात झाली हे सांगितलंच. मग म्हणाले, "आणि एका बाईमागे दोन पुरुष? समाजात काय संदेश जातो?"

शलाका म्हणाली, "सर, ते मासे आहेत."

"प्रेक्षक माणसं आहेत ना?"

मग म्हणाले, नवरा लहान आणि बायको एवढी मोठी, हे बरं दिसत नाही. मोठा आहे तो नर करा. त्याला मिशी द्या, म्हणजे गोंधळ नको. बारक्यातला एक ठेवा, त्याला कुंकू लावा, ती पत्नी. दुसरा काढून टाका. ढुशा काढा. अंडी सोडायचा प्रसंग काढा. शेवटी पिल्लं दाखवा, ती सगळ्यांना आवडतात.

मी म्हणालो, "साहेब, मग पिल्लं आली कुठून?"

ते माझ्याकडे बघून हसले. लहान मुलाने काही गोड बोलल्यावर हसतात तसं. त्या हसण्यावर मी आजही चिडतो.

बाहेर आल्यावर शलाका रडकुंडीला आली होती. तिला काम सोडायचं होतं. पण सिनेमा संस्थेचा, त्यांच्या सहीशिवाय दाखवता येणार नाही, आणि नाल्याला पाणी यायला फार दिवस उरले नव्हते. मरियमबाईचा शब्द तिकडे टांगलेला. तेव्हा मी, चाळीस वर्षांचा अनुभवी पेंटर, तिला काय म्हणालो?

मी म्हणालो, "एक मिशी तर रंगवायची. दहा मिनिटांचं काम. आपल्या लोकांना मिशीचं काही वाटत नाही. गुलाबसिंग मिशी ठेवून नवरी होतो, तरी लोक डोळ्याला पदर लावतात."

हा शहाणपणा माझा. साहेबाला मी शिव्या देतो, पण हे वाक्य साहेबाचं नाही. मी आयुष्यभर सोंगाड्यांत वावरलो आणि एवढी साधी गोष्ट मला समजली नाही. पार्टीत गुलाबसिंग मिशीसकट राणी होतो तेव्हा पब्लिकला माहीत असतं की हे सोंग आहे, त्याला कोणी राणीविषयी माहिती विचारत नाही. इथे आम्ही सांगत होतो की मासा असा असतो आणि म्हणून तुम्ही जाळं लावू नका. ज्यांच्या हातातून रोज मासा जातो त्यांना सांगत होतो.

मी डोळा घातलेल्या तोंडाला ब्रश लावला. काळा रंग, दोन्ही बाजूंनी वर वळवलेली. चांगली काढली, तेही सांगतो. हाताला सवय असते, हात वाईट काम पण नीट करतो. दोन दिवसांत पुन्हा चित्रीकरण झालं. पोट कापता येत नव्हतं, सांगाडाच तसा होता. मागून शहरातल्या एका गोड आवाजात निवेदन घातलं, "नर मासा आपल्या पत्नीला सुरक्षित स्थळी घेऊन जात आहे." फत्तू कुंकू लावून मागून चालला होता. तो एकदाही नाचला नाही. साहेबांनी सांगितलं होतं, पत्नीने नाचू नये.

त्याच शेडमध्ये, त्याच पडद्यावर तो सिनेमा लागला. पाडा सगळा आला होता. मरियमबाई पुढे बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून. तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, खरं दाखवतात, मी बघितलंय. बदल झालाय हे आम्ही तिला सांगितलं नव्हतं. शलाका म्हणत होती, सांगू या. मी म्हणालो, कशाला, छोटीशी गोष्ट.

मासा पडद्यावर आला. लोंबणारं पोट आणि वर पिळदार मिशी. पहिल्यांदा कोणी हसलं नाही. मग मागून एक तरणा ओरडला, "आरे, मिशावालाले दिवस गयात!" आणि शेड फुटली. हसणं दोन तऱ्हेचं असतं, मी आयुष्यभर ऐकलंय. घोड्याच्या वेळी लोक आमच्याबरोबर हसले होते. या वेळी आमच्यावर हसले.

निवेदन चालूच होतं. पाड्यावरचा एक म्हातारा उठला, गंभीर माणूस, त्याची जाळी नाल्याच्या तोंडाला सगळ्यात पुढे असायची. मरियमबाईकडे वळून तो म्हणाला, "ज्याले नर-मादीनी वळख नही, तो आमले सांगी, जाळं कव्हय टाकानं?"

दुसरा म्हणाला, "मंग तो घोडा बी खोटाच व्हई. बापले कव्हय पोरं व्हतस का?"

ते खोटं नव्हतं हो! घोड्याचं अक्षर न्‌ अक्षर खरं होतं. पण एका खोट्या मिशीने ते सगळं खरं बुडवलं. मी उठून सांगायला गेलो, तर कोणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. मरियमबाई बसून होती. पुढे पडदा, मागे हसणारी माणसं. सिनेमा संपायच्या आधी ती उठली आणि आमच्याकडे न बघता निघून गेली.

नाल्याला पाणी आलं तेव्हा तोंडावर जाळी लागली. त्या वर्षी नेहमीपेक्षा जास्त लागली असं फत्तू सांगत आला, कारण ज्यांनी आदल्या वर्षांत लावली नव्हती त्यांनीही लावली. मरियमबाईचं घर सोडून सगळ्यांची. पाड्यावरच्या बैठकीत आता तिच्याकडे बघून कोणी थांबत नाही, हेही त्यानेच सांगितलं.

पंधरा दिवसांनी साहेबांचा फोन आला. सिनेमा शहरात कुठे दाखवला, लोकांना फार आवडला, सहकुटुंब बघण्यासारखा आहे म्हणे. आणखी चार प्राणी करायचे आहेत, समुद्रातलं कासव घ्या, म्हणाले. मी त्यांना जे बोललो ते दिवाळी अंकात छापता येत नाही. शलाकाने काम सोडलं, ती तिच्या गावी आहे, अधूनमधून फोन करते. तिचा माझ्यावर राग नाही. असायला हवा होता.

मी महिनाभर खांडबाऱ्याला गेलो नाही. मग एका बाजारच्या दिवशी गेलो, कारण माफी मागायची होती. मरियमबाई तिच्या जागेवर होती. शेजारच्या पाड्यावरून आलेली ओली मासळी विकायला घेतली होती. मी समोर उकिडवा बसलो. काय बोलायचं ते रस्त्याने ठरवलं होतं. साहेब असा, संस्था अशी, वेळ थोडा होता. तिने मला बोलू दिलं. बोलता बोलता माझं मलाच कळत होतं की मी ट्रकचं गिऱ्हाईक सबबी सांगून परत पाठवतो तसं बोलतोय.

तिने टोपलीतून एक मोठी रोहू काढली. विळ्यावर धरून पोट उभं चिरलं. आतून गाभोळी बाहेर आली, दोन्ही बाजूंनी, पिवळी, ओंजळभर. ती तिने काढली नाही, तशीच राहू दिली. मासा पानावर ठेवला आणि पान माझ्यापुढे सरकवलं.

"ली जाय," ती म्हणाली. "पन पहिले इले मिशा काढ."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. माझ्यामागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तिने भाव सांगितला. मी ते पान तिथेच ठेवून उठलो.